एका ताटातली पिल्लं

बेलापूरला माझ्या सासरी विहिरीतला मासा खायचा नाही, असा दंडक होता. नदीच्या माशाचं झणझणीत कालवण चालायचं, पण विहिरीतला मासा घरचा, पाणी राखणारा. म्हणून विहिरीतली जुनी मरळ मेली तेव्हा थोरल्या भावजींनी प्रवरेतून मरळीची पिल्लं धरून आणली. कळशीभर तांबूस वळवळ. मरळ पिल्लांना फार जपते, जवळ येईल त्याच्यावर धावून जाते, पण यांची आई कुणाच्या तरी जाळ्यात गेली होती.

हे ऐकलं आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंनी कळशी आपल्याकडं ओढून घेतली. त्यांची लेकरं पाळण्यातच गेली होती, पुढं कूस उजवली नाही. "एवढीशी हिरीत सोडली तर कासव गिळंल. हौदात वाढवते," त्या म्हणाल्या.

बैलांचा दगडी हौद रिकामा झाला. मी नवी सून, तेव्हा राखेनं घासायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. गिलाव्याचा चुना ताजा, तो पिल्लांना बाधू नये म्हणून पाणी भरायचं, मुरवायचं, सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं. बैल बादलीनं पाणी पीत होते आणि मी माशांच्या नावानं बोटं मोडत होते. मग तळाला नदीची रेती, सावलीला फुटकी कौलं, खंड्या पाखरानं झडप घालू नये म्हणून वर बाभळीच्या काट्या. महायुद्धाच्या लढाईमुळं दुकानात धड काही मिळत नव्हतं, पण या पिल्लांची चैन होती. त्यांना बांधावरची वाळवी मिळायची, उकडलेल्या अंड्याचा बलक मिळायचा.

आमच्याकडं पोरांना एकाच परातीत जेवायला घालत. त्यानं माया वाढते, अशी समजूत. जाऊबाईंनी पिल्लांनाही तसंच, हौदाच्या एकाच कोपऱ्यात वाढायला सुरुवात केली. धीट होती ती आधी पोचायची आणि पोट फुटेस्तोवर खायची. दसऱ्यापर्यंत काही बोटाएवढी झाली, बाकीची काडीसारखीच राहिली.

भावजी म्हणाले, "अगं, मोठी येगळी काढ, न्हाईतर हिरीत सोड. लई खादाड जात हाय. मोठं बारक्याला गिळंल."

"एका ताटात जेवत्यात, न्हाई गिळायची. माझ्या लेकरांत म्या आपपर करायची न्हाई."

'लेकरांत' म्हटल्यावर भावजी बैलांकडं निघून गेले. तो शब्द जाऊबाईंच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पिल्लं कमी होऊ लागली. जाऊबाई खंड्याला शिव्या घालत, काट्या दाट करत. मीसुद्धा त्याच्यावर दगड भिरकावले, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसताना.

थंडी पडली तेव्हा हौदात हालचालच दिसेना, म्हणून पाणी उपसलं. कौलाखालून एकच मरळ निघाली, वीतभर, तकतकीत. तिच्या तोंडातून दुसरीचं शेपूट बाहेर आलं होतं.

जाऊबाई हौदाच्या काठावर बसल्या. "म्याच एका ताटात वाढलं," एवढंच म्हणाल्या. भावजींनी मरळ विहिरीत सोडली, पण त्या बघायलाही आल्या नाहीत. मला अजून हळहळ वाटते. शेजारी आणखी एक हौद असता तर निम्मी तरी जगली असती. आपल्या हातून काहीतरी जगलं, असं त्या बाईला एकदा म्हणता आलं असतं. त्यांना दुसरं काही नको होतं.

पुढं मला मुलगे झाले. त्यांचं सगळं जाऊबाईंनीच केलं, पण एका परातीत त्यांना कधी बसू दिलं नाही. सासूबाई कुरकुरायच्या, घरची रीत मोडली म्हणायच्या. जाऊबाई मात्र वेगवेगळी ताटं मांडायच्या, सगळ्यात धाकट्याच्या ताटात आधी वाढायच्या आणि त्याचं पोट भरेपर्यंत त्याच्याजवळून उठायच्या नाहीत.