फक्त वरची कवळी

कवळ्या बनवणाऱ्या काकांनी आयुष्याच्या एक्कावन्न वर्षांत स्वतःच्या म्हातारपणाचा विचार कधी केला नव्हता. एक दिवस त्यांच्या दुकानात एक निवृत्त शिक्षिका आल्या. बोळक्या तोंडानं म्हणाल्या, "सध्या वरचीच करा. खालचीचं पुढं बघू, पैसे पुरत नाहीत."

नुसत्या वरच्या कवळीनं बाई चावणार कशा, हे विचारायचा काकांना धीर झाला नाही. त्यांनी वरच्याच जबड्याचं माप घेतलं.

घरी येताच ते कागद घेऊन बसले. साठीला थांबायचं म्हणजे उरली नऊ वर्षं. पुढं ऐंशीपर्यंत दोघांना महिना बारा हजार तरी हवेत. वीस वर्षांचे झाले अठ्ठावीस लाख ऐंशी हजार. व्याज महागाईच खाणार असं धरलं, तर दरमहा सव्वीस हजारांवर बाजूला पडायला हवेत. मिळकत होती तीस हजार. त्यांनी तीनदा भागून पाहिलं.

बायकोनं कागद वाचला. "आणि ऐंशीच्या पुढंही जगलो तर?"

काकांनी कागद उलटा करून ठेवला.

"किती जमतील?" तिनं विचारलं.

"ओढूनताणून सात."

"मग सात टाका. आणि साठीला थांबायचं नाही. हात चालतील तोवर काम करायचं."

दुसऱ्या दिवशी काकांनी बँकेत दरमहा सात हजार कापून घेण्याचा अर्ज भरला. सही करताना हात इतका थरथरला की कारकुनानं ती पुन्हा करायला सांगितली. काका आपल्या हाताकडेच बघत राहिले.