एका वेळी एकच वाफा

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या हिवाळ्यात कुंदाताईंना एकच चैन हवी असे: सकाळची ऊन ऊन अंघोळ. बाकी त्यांचं काही मागणं नसे. दर वर्षी तीन महिने त्या लेकाकडे येत, ताटात पडेल ते खात, आणि बर्फाचा कंटाळा आला तरी "छान आहे हो" म्हणत. पण न्हाणीघराची कडी लागली की जग गेलं खड्ड्यात. शॉवरखाली डोळे मिटले की भिंतीतल्या नळ्यांमधून पाणी सळसळत कुठूनसं कुठे जाताना ऐकू येई, आणि त्या पाण्यामागून चालत चालत त्या वाफेतच संगमनेरजवळच्या वडिलांच्या मळ्यात पोचत.

मळा आठवायला कारण होतं. लेकाने, हृषिकेशने, एकदा त्यांना तळघरातला बॉयलर दाखवला होता. तिथून निघालेल्या गरम पाण्याच्या नळीला दोन फाटे. एक घरभरच्या रेडिएटरांकडे, दुसरा अंघोळीच्या टाकीकडे. मध्ये एक व्हॉल्व्ह. टाकीतलं पाणी निवायला लागलं की तो वळतो आणि सगळी ऊब टाकीकडे पाठवतो. तोवर रेडिएटरांनी थांबायचं.

"म्हणजे दारं धरणंच की रे," कुंदाताई हरखून म्हणाल्या. लहानपणी कांद्याच्या वाफ्यांना त्यांनी पाणी दिलं होतं. एकाचं दारं फोडायचं, दुसऱ्याचं बुजवायचं, आणि पसरत जाणाऱ्या पाण्याकडे गुंगून बघत बसायचं. सगळं कळलं, फक्त या घरातला कोरडा वाफा कोणाचा, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

एका सकाळी त्या गुणगुणत बाहेर आल्या, तर नात ओवी जॅकेट घालून दप्तर भरत होती.

"घरात जॅकेट कशाला गं?"

ओवीने नेहमीसारखं जर्मनमध्ये उत्तर दिलं, "आजी बाडेट, डान व्हिर्ड एस काल्ट."

आजी अंघोळ करते, मग गार होतं. एवढं जर्मन कुंदाताईंना येत होतं. पोरीच्या बोलण्यात तक्रारही नव्हती, तेच जास्त लागलं. त्या माळ्यावरच्या तिच्या खोलीत गेल्या आणि रेडिएटरला हात लावला. गारढोण. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीच्या वाट्याची ऊब आपण रोज डोळे मिटून अंगावर ओतून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून अंघोळ दोन तांब्यांत उरकू लागली. "थंडीत फार पाणी सोसत नाही," असं सुनेला, स्वरूपाला, सांगितलं. मळा काही पुन्हा दिसला नाही. आठवड्याभराने जेवताना त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी माझं तिकीट नका काढू. प्रवास झेपत नाही आता."

स्वरूपाने त्यांच्या ताटात भात वाढला. पण सुनेला थाप मारणं सोपं नसतं. सासरी राहून तीही त्यात तरबेज झालेली असते. सकाळी तिने त्यांना न्हाणीघराच्या दारातच गाठलं.

"आई, पाणी गार येतंय का?"

"नाही गं बाई."

"मग काय झालंय?"

कुंदाताईंना राहवलं नाही. "माझ्या अंघोळीपायी पोर कुडकुडते, आणि तू मला एका शब्दाने बोलत नाहीस!"

"तो व्हॉल्व्ह तसा मीच लावून घेतलाय, आई. बॉयलर बसवणाऱ्या हायट्सुंगवाल्याने विचारलं होतं, दोन्हीकडे थोडं थोडं सोडू का? मी म्हटलं, नाईन, नको, आधी अंघोळीचं पाणी."

"पण का?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात ना, तेव्हा मध्येच पाणी गार झालं होतं. तुम्ही तशाच काकडत बाहेर आलात आणि म्हणालात, झालं माझं. केसांना साबण होता तुमच्या."

"अगं, मग तेव्हाच मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

कुंदाताईंचे डोळे भरून आले, आणि हसूही आलं. टॉवेल छातीशी धरून त्या दारातच उभ्या राहिल्या.

"मी अंघोळीला गेले की ओवीला माझ्या अंथरुणात पाठव," त्या म्हणाल्या. "मी उठते तेव्हा ते ऊनच असतं. आणि पुढच्या हिवाळ्याला दुलई जरा मोठी आण. पोर वाढतेय."