नको म्हटलेली तोड

"उचलणं सोपं असतं हो. ठेवायचं कुठं?" असं म्हणून आमचे फौजदारसाहेब बशीतल्या चहावर फुंकर मारत बसायचे. भवानीनगरच्या रस्त्याला, पोलीस ठाण्यासमोर माझं चहाचं हॉटेल. असा थंडोबा तुमच्याही वाट्याला कधी आला असेल, तर माझं डोकं का उठायचं ते तुम्हाला कळेल.

आमच्या गावातला एक शेतकरी उसाला पाणी द्यायला गेला आणि विहिरीजवळ मेलेला सापडला. डोक्यात घाव होता. सगळ्यांचा संशय एकावरच, बांधाला बांध लागून असलेल्या त्याच्या चुलतभावावर. आणि साहेब काय करतात? त्यालाच माझ्या हॉटेलात बसवून चहा पाजतात आणि विचारतात, "म्हस व्याली का?"

गाव पेटलं. मेलेल्याची बायको तर रोज यायची. बाकावर बसून, साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात शिव्या घालायची. "माझं कुकू पुसलं, आन् ह्यो बाबा च्या पितोय!" साहेब मान खाली घालून ऐकायचे. 

एकदा मीच तडकले. "साहेब, उचलत का न्हाय त्याला?"

"मावशी, तुमी ऊस लावता न्हवं? कारखान्याची गाडी ठरल्याबिगर ऊस तोडता का?"

"कशाला तोडू? तोडला की वाळतो. वजन जातं."

"अटकेचं तसंच हाय. माणूस आत घेतला की मुदत पळायला लागती. लगेच कोर्टापुढं उभा करा, कोठडी मिळंल ती मोजकी, आरोपपत्र येळंत द्या. आज माझ्याकडं नुसता संशय हाय. उद्या जामिनावर सुटला, तर वहिनींच्या दारावरनं मिशीला पीळ देत जाईल."

मी कपबशा विसळायला घेतल्या. पण पटलं म्हणाल, तर नाही.

मग तोडणी सुरू झाली. ऊसतोड टोळीचा मुकादम एक दिवस चहा पिताना सहज बोलून गेला, "गंमतच हाय. दारात तोड आली, आन् गडी म्हणतो, मला नगं, पुढच्याला द्या." गडी म्हणजे तोच चुलतभाऊ.

हॉटेलात सगळ्यांनी माना वळवल्या. अहो, तोड म्हणजे ऊस तोडायची पाळी, ती मिळावी म्हणून आमच्याकडं माणसं हातापाया पडतात, मुकादमाला कोंबडी खाऊ घालतात! चालून आलेली तोड कुणी परत पाठवतं होय?

साहेबांनी बशी खाली ठेवली आणि चक्क पळाले. एवढ्या पोटासकट!

पंचांसमोर त्याचा ऊस तोडला. मधल्या सरीत, पाचटाखाली पुरलेली कुऱ्हाड निघाली. सोबत मेलेल्याचा मोबाइल. त्याच दिवशी गडी आत गेला.

पुढं साहेबांची बदली झाली. खटला चालत राहिला. निकाल लागला तेव्हा मेलेल्याची बायको कोर्टातून थेट माझ्याकडे आली. म्हणाली, "लाव साहेबाला फोन." मी लावला आणि स्पीकर सुरू करून तिच्या हातात दिला.

"साहेब, जन्मठेप झाली."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "बरं झालं, वहिनी."

"तुमाला लय शिव्या घातल्या म्या."

"घातल्या की! आई गेल्यापासनं कुणी घातल्याच नव्हत्या."

ती खळखळून हसली. नवरा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं. हसता हसता तिला रडू फुटलं. फोनही ठेववेना.

"रडा, वहिनी," पलीकडून आवाज आला. "मी हाय फोनवर."