खंडेनवमीला काढलेली बॅटरी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या देवकात्यांचं घराणं पिढीगणिक तलवारीपासून लांब गेलं, असं सूर्याजी स्वतःच हसून सांगायचा. आजोबा संस्थानच्या फौजेत, वडील नाना संस्थान विलीन झाल्यावर पोलिसात, आणि हा सिटी सेंटरच्या एका सरकारी कचेरीत पेन्शनच्या कॉम्प्युटरपाशी. हसायचा खरा, पण त्या कॉम्प्युटरला कुणी डबा म्हटलं की भडकायचा.

डबाच होता तो, खोटं कशाला बोला! जुनं मशीन, त्याहून जुनी डिस्क. एकेक नोंद लिहायला डिस्कमधलं टोक इकडून तिकडं धावायचं, आणि तोवर ऑपरेटर सुधाताई हनुवटीला हात लावून बसायच्या. "अहो देवकाते, झोपलं बघा तुमचं मशीन," त्या ओरडायच्या. नवं मागावं तर वरून उत्तर यायचं, बघू. शेवटी सूर्याजीनं हट्टाला पेटून स्वतःच एक कार्ड बनवायला घेतलं. वर्षानुवर्षं घरी जेवायच्या टेबलावर सोल्डरिंगचा धूर काढला, बायकोची बोलणी खाल्ली, दिल्लीहून सुटे भाग आणले, जाळले, पुन्हा आणले. आणि एकदाचं ते चाललं.

काय करायचं ते कार्ड? बाड्यावरून हजीऱ्याला जाणारा टेंपो एका सवारीसाठी सुटतो का? नाही ना, तसंच. सुधाताईंनी नोंद टाकली की कार्ड ती आपल्या मेमरीत ठेवून घ्यायचं आणि लगेच सांगायचं, मिळाली, पुढची द्या. भरपूर जमल्या की डिस्कवर जशा जागा येतात त्या क्रमानं एकाच फेरीत सगळ्या उतरवायचं. काम असं पळायला लागलं की सुधाताईंना चहा प्यायला उसंत मिळेना. आता ग्वाल्हेरात लाइटचा काय भरवसा! म्हणून कार्डाला एक छोटी बॅटरी होती. लाइट गेली तरी तिच्या जिवावर नोंदी कार्डात टिकायच्या, आणि मशीन सुरू झालं की आधी त्या डिस्कवर उतरायच्या. बॅटरीला कुणी हात लावायचा नाही, असा दम सूर्याजीनं सगळ्या कचेरीला भरून ठेवला होता.

मग आला दोन हजार सालचा ऑक्टोबर. संस्थान गेलं, मध्यभारत गेला, राजधानी भोपाळला गेली, आणि आता छत्तीसगड वेगळं निघत होतं. तिकडच्या पेन्शनवाल्यांची खाती रायपूरला जायची होती, मशीनंही वाटली जायची होती. सोमवारी भोपाळचे मोठे साहेब येऊन ठरवणार होते, की हे कार्ड दोन्ही राज्यांच्या मशीनांत बसवायचं की कचऱ्यात टाकायचं. पसंत पडलं तर तसली आणखी कार्डं करावी लागणार, आणि ती करणार कोण? सूर्याजीच! आयुष्यात दुसरं काही त्यानं मागितलंच नव्हतं.

आधीच्या गुरुवारी सुधाताईंनी रायपूरच्या उरलेल्या नोंदी मान मोडून पुऱ्या केल्या. कागदांचे गठ्ठे ट्रकात चढले, ट्रक रायपूरच्या वाटेला लागला आणि पाठोपाठ लाइट गेली. सगळे घरी गेले. नोंदी कार्डात सुखरूप होत्या.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. देवकात्यांच्या घरी त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. नाना तलवार म्यानातून काढायचे, म्यान वेगळं, पातं वेगळं, सगळं पुसून पाटावर मांडायचे आणि मग हळदकुंकू वाहायचे. सूर्याजीचं हत्यार म्हणजे हे मशीन. दरवर्षी तो त्या दिवशी कचेरीत जाऊन ते बंद ठेवून पुसायचा, झेंडूचा हार घालायचा. यंदा तर कार्ड पहिल्यांदाच पूजेला बसणार! त्यानं ते अलगद बाहेर काढलं, पाटावर ठेवलं. मग घरच्या रीतीनं बॅटरी सोडवून वेगळी केली, दोन्ही मऊ फडक्यानं पुसली, दोन्हींना कुंकू लावलं, हात जोडले. सोमवारची लाज राख रे देवा, एवढंच म्हणाला. मग सगळं होतं तसं बसवून आनंदानं घरी गेला. कालच्या नोंदी आत आहेत हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. दुसऱ्यांना दम देणारा हा गडी, स्वतःच्या हातावर लक्ष ठेवायला विसरला.

सोमवारी सकाळी मशीन सुरू झालं. सुधाताईंनी पाहिलं, पुन्हा पाहिलं. "देवकाते, माझं गुरुवारचं काम कुठंय?"

सूर्याजीनं कार्ड तपासलं. रिकामं. मग एकदम पाट आठवला, फडकं आठवलं, सोडवलेली बॅटरी आठवली. गठ्ठे रायपूरला पोचलेले. ते परत मागवून पुन्हा नोंदी होईस्तोवर दिवाळी उलटून जाणार. त्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी सणाला पेन्शन नाही, आणि हे कुणामुळं? स्वतःला दोन थोबाडीत माराव्यात असं त्याला झालं.

कचेरीचे मुख्य मधुसूदनराव माणूस वाईट नव्हता. त्यांनी त्याला व्हरांड्यात नेलं आणि सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "बॅटरी काढलीत? पूजेला? अहो, हे कुणाला सांगू नका! कार्ड नवीन होतं, बिघडलं, बस, किस्सा खतम. कार्ड फेकून देतील, तुम्हाला कोणी बोट लावणार नाही. तुम्ही काढली म्हणालात तर मी बिलकुल वाचवू शकणार नाही."

सूर्याजीनं घरी फोन लावला. बायकोनं, शालिनीनं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, मग विचार कसला करता? बिघडलं म्हणा. कार्ड दुसरं कराल, या वयात नोकरी दुसरी कोण देणार आहे तुम्हाला?"

तिचं काय चुकत होतं? काही नाही. तो नळाखाली डोकं धरून उभा राहिला. बिघडलं म्हटलं की सुटला. पण बिघडलं नव्हतं हो ते! बिचाऱ्यानं एकही नोंद आपणहून टाकली नव्हती. यानं स्वतः त्याचा जीव काढून घेतला आणि आता त्याच्यावरच आळ घ्यायचा? त्यानं तोंड पुसलं आणि आत गेला.

भोपाळचे साहेब आले, बसले. "हाँ भई, आपका कार्ड फेल हो गया?"

मधुसूदनराव घाईनं म्हणाले, "सर, नया था, तो..."

"कार्ड फेल नहीं हुआ सर," सूर्याजी म्हणाला. "बैटरी मैंने निकाली. पूजा के लिए."

अशी थाप कुणी मारेल असं साहेबांना वाटेना, आणि असं कुणी करेल यावरही विश्वास बसेना. मग म्हणाले, दाखवा.

सुधाताईंनी नव्या नोंदी टाकल्या. सूर्याजीनं भर कामात मशीनची वायर खेचली. जेवणाची सुट्टी होईपर्यंत मशीन तसंच मेल्यागत पडलं होतं. मग सुरू केलं. कार्डानं सगळ्या नोंदी डिस्कवर उतरवल्या, एक म्हणून सुटली नाही. सुधाताईंच्या तोंडून नकळत "वा!" निघालं.

साहेबांनी हिंदीत सांगितलं ते असं, की कार्ड अव्वल आहे. हे रायपूरला जाईल. बाकीची भोपाळात बनवून घेऊ, नकाशे द्या. आणि देवकाते यापुढे कुठल्याही मशीनला हात लावणार नाहीत.

"सर, बनवायला तरी..." सूर्याजी म्हणाला.

"हात नहीं, मतलब हात नहीं."

आठवडा उलटायच्या आत ट्रक आला, पाठोपाठ भोपाळच्या साहेबांची गाडीही आली. कार्ड बांधायचं काम सुधाताईंकडे. सूर्याजी दोन हात पाठीमागे धरून लांब उभा राहिला आणि तिथूनच सांगत राहिला, कडेला धरा, खाली स्पंज घाला, अहो, तसं नाही, आडवं. सुधाताई वैतागल्या. "एवढा जीव होता तर गप्प बसायचं होतं ना त्या दिवशी! हातचं घालवून बसलात."

"गप्प बसलो असतो तर ते फेकलं असतं," तो म्हणाला.

खोकं खाली गेलं. ड्रायव्हरनं ते उचलून खुर्च्यांच्या मागे ढकललं, तसा सूर्याजी पायऱ्यांवरून ओरडला, "अरे भाई, धीरे! धीरे रखो!" आणि तिथंच कठड्याला धरून ढसाढसा रडायला लागला. येणारेजाणारे थबकून बघायला लागले.

ड्रायव्हरनं घाबरून विचारलं, "मॅडम, ये कौन हैं? इन्हीं ने बनाया है क्या?"

सुधाताईंनी साहेबांच्या गाडीकडे पाहिलं. काच खाली होती, साहेब ऐकत होते.

"नहीं भैया," त्या म्हणाल्या, "ये तो डिस्पैच के बाबू हैं." आणि त्यात खोटं काही नव्हतं, सूर्याजीच्या जावक विभागातल्या बदलीचा हुकूम सकाळीच निघाला होता.