सातव्या ओळीतला विणकर

आमच्या विणकर सहकारी संस्थेचा मी मानद चिटणीस होतो, तेव्हाची ही गोष्ट. सत्तरीच्या दशकाची सुरुवात असेल. दिवसा मी सरकारी कचेरीत हिशेबनीस होतो आणि संध्याकाळी गोळीबार चौकाजवळच्या संस्थेच्या खोलीत बसत असे. संस्थेच्या बातम्या वर्तमानपत्रांत छापून आणण्याचं काम कोणालाच नको असे, म्हणून ते माझ्याकडे आलं. मी ते माझ्या स्वभावाप्रमाणे केलं, म्हणजे तक्ता आखून.

बातमी पोचवायचे चार मार्ग होते. सायकलवरून जाऊन प्रत्येक वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या पेटीत स्वतः टाकणं फुकट होतं, पण महाल, सीताबर्डी, धंतोली असा फेरा पडे, आणि संध्याकाळी पाचच्या आत पोचलं नाही तर बातमी एक दिवस मागे पडे. टपालाला तिकिटापुरता खर्च येई, पण छापून येईपर्यंत बातमी शिळी व्हायची. एक गृहस्थ थोडे पैसे घेऊन एकाच मजकुराच्या प्रती सगळीकडे वाटत. ते पोचवत नक्की, पण छापणं काही त्यांच्या हातात नव्हतं. चौथा मार्ग म्हणजे ओळीमागे पैसे भरून छोटी जाहिरात देणं. तिच्यात लिहिलं तेवढं सगळं येई. वर्षभरात मी अकरा बातम्या पाठवल्या आणि प्रत्येकीचं काय झालं ते तक्त्यात लिहिलं. फुकटच्या बातम्यांपुढे माझा शेरा होता : 'जागा पुरली नाही की खालून कापतात. पाच ओळींपुढे भरवसा नाही.'

हा शेरा माझ्याच हातचा होता, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या हिवाळ्यात हातमागाच्या एका प्रदर्शनात आमच्या संस्थेच्या रेशीमकाठी लुगड्याला पहिलं बक्षीस मिळालं. ते विणणारा आमचा सभासद पन्नाशी उलटलेला होता. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून माग चालवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं, गुडघे कायमचे सुजलेले. उमरेडला विणकाम शिकवण्याचं सरकारी केंद्र निघत होतं आणि तिथं शिक्षकाची एक जागा होती. खुर्चीवर बसून शिकवायचं आणि महिन्याचा पगार घ्यायचा. शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे अर्जात लिहायला त्याच्याकडे फारसं काही नव्हतं. पण कारागिराचा लौकिक दाखवणारी वर्तमानपत्रांतली कात्रणं जोडावीत, असं एक कलम अर्जात होतं. बक्षिसाचं प्रशस्तिपत्र संस्थेच्या नावावर होतं. तेव्हा त्याचं नाव छापून येण्याची जागा एकच होती, ती म्हणजे मी लिहिणार होतो ती बातमी.

तो मुद्दाम खोलीवर आला. "बाबूजी, पेपरात माहं नाव येईन ना?"

"येईल ना काका. नाव घालूनच पाठवतो."

"पक्कं सांगा. घरवाली हासून राहिली मले. म्हनते, तुमचं नाव कोन छापते? पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेतबी चुकलं होतं."

मी हसलो आणि काळजी करू नका म्हणालो.

बातमी सात ओळींची झाली. पहिल्या ओळीत संस्था आणि बक्षीस. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत बक्षीस देणारे पाहुणे, चौथीत आमचे अध्यक्ष. पाचवीत 'चिटणीसांनी आभार मानले' आणि माझं पूर्ण नाव. सहावीत लुगड्याचं वर्णन आणि सातवीत विणकराचं नाव. पाहुणे, अध्यक्ष, चिटणीस हा क्रम सगळेच लावतात, असं मी स्वतःला सांगितलं. पण मी बातमी टाकत असे त्यांपैकी एक वर्तमानपत्र काटोलला माझे सासरे घेत असत आणि जावयाला कारकुनाहून अधिक काही समजत नसत. पाचवी ओळ माझ्या वाट्याला आपोआप आली नव्हती. मी ओळी मोजल्या होत्या.

चार ठिकाणी टाकलेली बातमी दोन ठिकाणी छापून आली. दोन्हीकडे ती माझ्या नावाशी संपली.

विणकर वर्तमानपत्र घेऊन आला. "दोनदा वाचलं बाबूजी. चहावाल्याकडूनबी वाचून घेतलं. मी नाही हाये त्याच्यात."

"पेपरवाल्यांनी कापलं असेल. जागा पुरली नसेल."

"मलेच काहून कापलं?"

मी टेबलावरचे कागद नीट करत राहिलो. त्याच आठवड्यात सासऱ्यांचं कार्ड आलं, नाव वाचून आनंद झाला म्हणून. लग्नानंतरचं त्यांचं ते मला आलेलं पहिलं पत्र.

अर्जाच्या मुदतीला चार दिवस उरले होते. मी स्वतःचे पैसे भरून त्याच मजकुराची छोटी जाहिरात दिली. या वेळी त्याचं नाव पहिल्या ओळीत घातलं आणि ते अक्षरशः तसंच छापून आलं. कात्रण घेऊन आम्ही दोघं अर्ज घेणाऱ्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने ते उलटसुलट पाहिलं.

"वर 'जाहिरात' लिहिलं आहे, साहेब. पैसे भरून तर मीही माझा लौकिक छापून आणीन."

त्याचं बरोबर होतं. तक्त्यात चारही मार्गांचा खर्च मी मांडला होता, पण पैसे देऊन छापलेल्याला किंमत किती, हा रकाना मला सुचलाच नव्हता. मी घाईने पिशवीतून मूळ बातमीची कार्बन प्रत काढली. "हे बघा, आम्ही बातमी पाठवली होती. यात नाव आहे."

"पाठवलेलं नको. छापलेलं दाखवा."

त्याने प्रत परत सरकवली. ती मी उचलायच्या आत विणकराने घेतली आणि बाहेर पायरीवर बसून ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचू लागला. मी समोर उभा होतो.

"हे पाव्हने. हे अध्यक्ष. हे तुमी." बोट खाली सरकत गेलं. "अन् मी पार अखेरीले."

"तशी पद्धत असते, काका."

"लुगडं तं म्या विनलं, बाबूजी. तुमी काय केलं होतं त्या रोजी?"

"आभार मानले."

तो खरोखर हसला. "कोनाचे?"

पाहुण्यांचे, अध्यक्षांचे, मंडपवाल्याचेसुद्धा मानले होते. कागदाची नीट घडी करून त्याने तो मला परत दिला आणि गुडघ्यावर हात रेटून उठला.

अर्ज कात्रणाशिवाय गेला. जागा दुसऱ्याला मिळाली. कात्रण असतं तर त्यालाच मिळाली असती, असं मी म्हणू शकत नाही. पण ते असायला हवं होतं आणि नव्हतं, ते माझ्यामुळे.

तो पुढेही सूत न्यायला येत राहिला. एकदा कोणीतरी तो विषय काढला, तेव्हा माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाबूजीचं काही नाही. लिवताना मानसाले मोठ्याइचीच नावं आधी आठवते." म्हणजे मी त्याला मान द्यायला विसरलो, एवढंच त्याला वाटत होतं, आणि त्याने ते सोडून दिलं होतं. खालून कापतात हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं. सांगायला ती वेळ चांगली होती. सुताचं वजन करून मी त्याला पावती दिली.