मागे उभं राहून ‘लागला’ म्हणणारी

आमच्या मामाला सगळे टेस्टर म्हणायचे. खिशाला कायम टेस्टर लावलेला, कानावर पेन्सिल, आणि समोरचा माणूस कितीही मोठा असू दे, याचं लक्ष त्याच्या डोक्यावरच्या बल्बकडे. मामी म्हणायची, आमच्या लग्नाचा एकच फोटो आहे आणि त्यातही हे माझ्याकडे बघत नाहीयेत, फोटोवाल्याच्या वायरीकडे बघतायत. घरातलं सगळं वायरिंग मामानेच केलेलं. बाथरूमच्या दिव्याचं बटण स्वयंपाकघरात होतं, कारण त्या दिवशी वायर तेवढीच होती. नंतर बदलू म्हणाला आणि ते नंतर काही आलं नाही. म्हणजे लोकांच्या कामात एक टाका इकडचा तिकडे चालायचा नाही आणि घरात हा असा कारभार.

कामाला तो गोल्फच्या मैदानावर होता. तिथे त्या बॅटरीवरच्या छोट्या गाड्या असतात बघा, वर छप्पर असतं पण दारं नसतात, खेळणाऱ्यांना बसवून हिरवळीवरून फिरवतात. त्या नवीन येतात तेव्हा नुसत्या चालतात. बाकी सगळं मामा बसवायचा. पुढचे दिवे, मागचे लाल ब्रेकचे दिवे, डावाउजवा इंडिकेटर, हॉर्न, मोबाईल चार्ज करायचं, कुणाला पंखा हवा तर पंखा. सीटखाली बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्या सगळ्यांचा मिळून करंट दिव्याला दिला तर दिवा उडतो. मग घाईतले लोक काय करतात, त्यातल्या दोनच बॅटऱ्यांवरून दिव्याची लाइन काढतात. चालतं काही दिवस. पण त्या दोघी बाकीच्यांच्या आधी दमतात आणि गाडी मैदानाच्या मधोमध बसते. मामा सगळ्यांवर मिळून करंट उतरवणारा एक कन्व्हर्टर लावायचा आणि त्यातून दिव्यांना लाइन द्यायचा. म्हणायचा, घरात सगळे जेवतायत आणि रोज दोघांच्याच ताटातलं उचलायचं, हे बरं दिसत नाही.

आणि त्याची एक सवय होती, त्यावरूनच हे सगळं पुढचं झालं.

गाडीचा मागचा दिवा चालवणाऱ्याला दिसत नाही. त्यामुळे काम झालं की मामा पुढे बसणार, ब्रेकवर पाय देणार आणि मागे कुणीतरी उभं राहणार. मामा विचारणार, “लागला का?” मागच्याने म्हणायचं, “लागला.” मग मामा विचारणार, “काढू?” मागच्याने काढा म्हटलं की मगच पाय काढणार. त्यानंतर डावा इंडिकेटर, त्यानंतर उजवा. उत्तर आल्याशिवाय पुढचं नाही. फार वर्षांपूर्वी एकदा असंच, लागला असेल म्हणून कुणीतरी गाडी सोडली होती, धुक्यात ती थांबलेली मागच्या गाडीला दिसली नाही आणि मध्ये एका माळ्याचा पाय सापडला. ते काम मामाचं नव्हतं, पण त्याने पाहिलं होतं. तेव्हापासून जीव गेला तरी उत्तराशिवाय पाय काढायचा नाही.

सगळ्यात शेवटी हॉर्न. हॉर्नला मागे माणूस लागत नाही, तो आपला आपल्याला ऐकू येतो. पण मामा काय करायचा, मागचा माणूस झालं एकदाचं म्हणून जरा सैल झाला की न सांगता पों करून वाजवायचा. आणि बरीच वर्षं तो मागचा माणूस म्हणजे आमची मामी. डबा घेऊन गाड्यांच्या शेडमध्ये जायची आणि डबा उघडायच्या आधी मागे उभी राहायची. दर वेळी दचकायची, दर वेळी शिव्या घालायची, आणि हा स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायचा. एकदा तर तिच्या हातातली आमटी तिच्याच पायावर सांडली. तेव्हा मात्र दोन दिवस बोलली नाही.

मग मामीचे गुडघे गेले. शेडपर्यंत चालणं होईना. मागे उभं राहायचं काम लंबूकडे आलं. लंबू म्हणजे शेडमधला मेकॅनिक, उंच, बोलघेवडा, मामाच्या जिवाभावाचा. पण त्याचं लक्ष फोनमध्ये. न बघताच लागला लागला म्हणायचा. मामाला ते आवाजावरून कळायचं आणि तो परत विचारायचा.

मामा गेला तो दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. एका गाडीचं वायरिंग संपत आलं होतं. लंबूला म्हणाला, तू जा जेवून ये, मी बघतो. लंबू गेला. समोरच्या कट्ट्यावर बसून जेवला. शेडचं शटर अर्धं खाली होतं, त्याखालून फरशीवर लाल उजेड दिसत होता. त्याला वाटलं काम चाललंय. हात धुवून आला तरी उजेड तसाच. आत जाऊन बघतो तर मामा सीटवर बसलेला, हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर, मान जराशी मागे वळवलेली. अंग गार झालं होतं. डॉक्टर म्हणाले हार्ट, काही कळलं पण नसेल.

लंबूने हे मामीला रडत रडत सांगितलं. त्याला वाटलं मामीला बरं वाटेल, बसल्या बसल्या गेला, त्रास झाला नाही. पण मामीने नेमकं तेच धरलं. मान मागे वळवलेली. म्हणजे विचारलं होतं. म्हणजे विचारलं आणि मागे कुणी नव्हतं.

मग ते संध्याकाळचं सुरू झालं. स्वयंपाकघरात मामी दिवा लावायला उठायची तर समोरच्या भिंतीवर, खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर, दोन लाल डाग. डाग म्हणजे उजेडाचे. शेजारी शेजारी, एका गाडीच्या मागे असतात तेवढ्या अंतरावर. आधी तिला वाटलं रस्त्यावरून येत असेल. पण त्या खिडकीसमोर रस्ता नाहीच, शेजारच्यांची भिंत आहे. खिडकीला चादर लावली. डाग होते तिथेच. हलायचे नाहीत, लुकलुकायचे नाहीत. नुसते लागून राहिलेले. आणि घर कसं, कुणीतरी श्वास धरून बसल्यासारखं. मामी म्हणते भीती त्या उजेडाची वाटत नव्हती, त्या थांबण्याची वाटायची.

आमची आई, म्हणजे मामीची नणंद, सोबतीला जाऊन राहिली. आईला काही दिसलं नाही. वहिनी, डोळे दाखवून घ्या म्हणाली. पण भांडी लावताना तिचा हात त्या जागी भिंतीला टेकला आणि तिने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. बल्ब बराच वेळ चालू राहिला की काच तापते, तशी ती भिंत तापली होती. आईने हात पदराला पुसला. मामीला म्हणाली, चला आपण बाहेरच्या खोलीत जेवू.

काही दिवसांनी लंबू मामाची पिशवी द्यायला आला. पिशवी दिली तरी उठेना. चहा झाला, दुसरा चहा झाला. मग म्हणाला, वहिनी, एक सांगू का, त्या गाडीचे ब्रेकचे दिवे विझत नाहीयेत. पाय कुणाचा नाही, पेडल वर आलेलं आहे, तरी लागलेले. फ्यूज काढला की विझतात, घातला की लागतात. पेडलचं स्विच नवीन टाकलं, तरी तेच. संध्याकाळी शेड बंद करायला पोरं तयार नाहीत. आता साहेब म्हणाले, उद्या सगळं वायरिंग कापून टाका, गाडी कोरी करून विका.

मामीने काठी जवळ ओढली. मग म्हणाली, “भावोजी, मला आत्ता तिथे न्या.”

लंबू म्हणाला, गुडघे? मामी म्हणाली, गुडघे माझे आहेत, मी बघते. कापलं की मग कुणाला काय सांगणार, आणि हे कायमचे ब्रेकवर पाय देऊन बसतील.

लंबूने मैदानावरची एक गाडी मागवली आणि मामीला तीत बसवून नेलं. दिवस मावळायला आला होता, हिरवळीवर धुकं उतरत होतं. शेडमध्ये ती गाडी एकटीच भिंतीकडे तोंड करून उभी. मागचे दिवे लाल. सीटवर कुणी नाही. सीटच्या फोममध्ये मात्र बसल्यासारखा खड्डा. लंबू म्हणाला, जुनी सीट आहे वहिनी. मामी म्हणाली, नवीन गाडीला जुनी सीट कशाला लावतील. लंबू शटरपाशीच उभा राहिला.

मामी काठी टेकत गाडीच्या मागे गेली. नेहमीच्या जागी, जरा डावीकडे. पदर सारखा केला.

“लागला हो,” ती म्हणाली. “दोन्ही लागलेत. काढा.”

दिवे विझले.

लंबू तिथेच खाली बसला. मामी हलली नाही. तिला माहीत होतं काय येणार. क्षणभर काही नाही, मग डावा इंडिकेटर टिकटिक करायला लागला. पुढे स्टिअरिंगवर कुणाचा हात नाही, बटण आपोआप खाली आलेलं. मामी म्हणाली, डावा लागला, काढा. थांबला. उजवा सुरू झाला. उजवा लागला, तिने म्हटलं, आणि आवाज फुटला म्हणून परत नीट म्हटलं, कारण अर्धवट म्हटलेलं यांना चालत नाही. उजवाही थांबला. शेडमध्ये अंधार झाला. सीटवरचा खड्डा हळूहळू भरून आला, माणूस उठल्यावर येतो तसा.

लंबू म्हणाला, झालं वहिनी, चला. मामीने हात वर करून त्याला थांबवलं आणि दोन्ही कानांत बोटं घातली. तशीच उभी राहिली. बराच वेळ. हॉर्न काही वाजला नाही. शेवटी गुडघे थरथरायला लागले तेव्हा लंबूने हाताला धरून बाहेर काढलं.

गाडीचं वायरिंग कापलं नाही. ती मैदानावर चालते, दिवे व्यवस्थित आहेत. मामीच्या भिंतीवर त्या दिवसापासून काही आलं नाही, भिंतही गार आहे. आई म्हणते सुटला बिचारा. मामी मान हलवते, पण तिला ते पटलेलं नाही. कारण हॉर्न राहिलाय. हे कधी लगेच वाजवत नाहीत, म्हणते, मी सैल पडायची वाट बघतात. म्हणून संध्याकाळी चहाचा कप हातात घेतला तरी ती तो पायापासून जरा लांबच धरून बसते.