सुलभाताईंच्या फ्रीझरमधली फुलं

सुलभाताई दार उघडायच्या ते मूठ पुढे करूनच. ये नाही, बस नाही. "यल्ला, चल, नाक पुढे कर!" मुठीत चुरडलेली वाळकी हिरवी फुलं असायची आणि मी दारातच उभा राहून ती हुंगायचो. अबुधाबीत, अल रीम आयलंडवरच्या आमच्या टॉवरमध्ये त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. तेल कंपनीत इंजिनिअर, निवृत्तीला आलेल्या, आणि डोक्यात एकच खूळ: हॉप्स.

हॉप्स म्हणजे बिअरला वास आणि कडूपणा देणारी फुलं. पण ताईंकडे बिअर नव्हती. "घरी दारू बनवायची नाही, खलास!" गरम पाण्यात फुलं मुरवायची, पाणी गाळून गार करायचं आणि सोडा मशिनने फसफसवायचं. दारूचा थेंब नसलेल्या या पाण्याला त्या ऐटीत 'आपली बिअर' म्हणायच्या आणि ते पिऊन आम्ही उगाचच चढल्यासारखे खिदळायचो.

फ्रीझरमध्ये मटार आणि मोदकांच्या मधोमध त्यांच्या हॉप्सच्या बरण्या, एकेका बरणीत एकेक जात. साझला ओल्या गवताचा वास, कॅस्केडला पपनसाचा, सिट्राला थेट आंब्याचा. निवृत्तीनंतर त्या सांगलीला परत जाणार होत्या. या बरण्या कोणाला द्यायच्या, ही त्यांची खरी काळजी. मला त्या हव्या होत्या, अगदी लहान मुलासारख्या हव्या होत्या.

"पाडव्याला माझा निरोप समारंभ. त्या दिवशीची बिअर तू करायचीस, अमोल. जमली तर बरण्या तुझ्या," त्या म्हणाल्या. "नवशिक्याने कॅस्केड घ्यावा. स्वभावाने गरीब असतो, चूक पोटात घालतो. सिट्रा तापट. आणि फुलं गॅस बंद केल्यावरच टाकायची, लक्षात ठेव."

मी अर्थातच सिट्रा उचलला. आंबा म्हटल्यावर कोकणातला माणूस कॅस्केडकडे बघतो होय? फुलं पाण्यात पडली आणि हात सवयीने चालायला लागले. गॅस मोठा केला, चहासारखी खळखळून उकळी काढली, वर झाकण ठेवून आणखी उकळली. चव घ्यायचंही सुचलं नाही, इतका मी खुशीत होतो.

पाडव्याला ताईंच्या बाल्कनीत गुढी उभी राहिली आणि ग्लास भरले. माझ्या मुलीने पहिला घोट घेतला. "बाबा, धिस इज मेडिसिन!" मी घोट घेतला आणि माझे कान गरम झाले. बरण्या गेल्या, हे मला कळून चुकलं. रडूच यायचं बाकी होतं.

ताईंनी संपूर्ण घोट गिळला. डोळे मिटले. मग खो खो हसत उठल्या आणि गुळाची वाटी घेऊन आल्या.

"अरे, गडबडीत कडुलिंब आणायचा राहिलाच होता! चला, सगळ्यांनी एकेक चमचा, वर गूळ!"

प्रत्येकाचं तोंड वाकडं होत होतं आणि पुढच्याचं बघून मागचा हसत होता. ताई तर हसून हसून खुर्चीत बसल्या.

जाताना बरण्या त्यांनी माझ्याच हातात दिल्या. "जमलं नाही की ताई," मी म्हणालो.

"पुन्हा करशील ना?"

"करीन."

"मग झालं तर, हबीबी."

आता कॅस्केड मला छान जमतो. पण पाडव्याला मी मुद्दाम मूठभर सिट्रा चहासारखा उकळतो. सकाळी सांगलीहून व्हिडिओ कॉल येतो.

"कडू झालं?"

"भयंकर."

"यल्ला, मग कर वर्ष सुरू!"